शाल, नारळ आणि बिबट्या

वनखात्याच्या एका रजिस्टरात माझं नाव आहे. झाडं लावली म्हणून नव्हे, वणवा विझवला म्हणूनही नव्हे. कशासाठी, ते माझ्या सासुरवाडीला अजून कळलेलं नाही आणि कधी कळू नये अशी माझी फार इच्छा आहे. पण तुम्ही आपली माणसं, चहाही आत्ताच टाकलाय, तेव्हा माझ्याच तोंडून ऐका. दुसऱ्या कुणाकडून ऐकलंत तर गोष्टीत मला शेपूट फुटलेलं असेल!

मी राहात्याजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. पाठक सर. सव्वीस वर्षं झाली. या सव्वीस वर्षांत मला एक रोग जडलाय, समजावून सांगण्याचा. कुणाला ठसका लागला तरी मी आधी श्वासनलिका समजावतो आणि मग पाणी देतो. घरात यावरून काय काय ऐकून घ्यावं लागतं, ते विचारू नका.

तर त्या हिवाळ्यात आमच्या दहावीतली दिपाली शाळेत यायची बंद झाली. अत्यंत हुशार पोरगी. फळ्यावर माझी चूक झाली की हात वर करणारी वर्गात ती एकटीच. तीन आठवडे तिची जागा रिकामी, आणि बोर्डाची परीक्षा तोंडावर आलेली! चौकशी केली तेव्हा कळलं, बिबट्या.

आता आमच्याकडे उसात बिबट्या असणं ही काही बातमी नाही. पण या बिबट्याने दिपालीच्या घरचं कुत्रं अंगणातून उचललं, तेही चांगला उजेड असताना. झालं! तिची आई मंदाताई म्हणाली, पोरगी उंबऱ्याबाहेर पडणार न्हाई. वस्तीपासून डांबरी रस्त्यापर्यंत अर्धा किलोमीटर कच्चा रस्ता, एका अंगाला डोक्याच्या वर गेलेला ऊस, दुसऱ्या अंगाला पेरूची बाग. एसटी पकडायची तर तेवढं चालावंच लागतं. वनखात्याने त्या रस्त्याच्या वळणावर पिंजरा लावला होता, मागच्या कप्प्यात शेळीही बांधली होती. बिबट्या त्या शेळीकडे ढुंकून बघत नव्हता. शेळी मात्र खाऊन-पिऊन गुटगुटीत झाली होती.

दिपालीचे वडील भाऊसाहेब शाळेत आले. मान खाली घालून म्हणाले, "सर, घरात माझं कोन ऐकतंय? तुमीच या वस्तीवर, आन समजावा बायांना."

समजावा! हा शब्द माझ्यापुढे कुणी उच्चारू नये.

मी दोन दिवस बसून आठ पानी टिपण काढलं. विषय : भीती, मेंदूतला खेळ. शनिवारी पाच वाजता भाऊसाहेबांच्या अंगणात वस्ती जमली. तीस-चाळीस माणसं तरी असतील. मी गोठ्याच्या भिंतीवर खडूने भलंमोठं डोकं काढलं आणि त्यात मध्यभागी एक ठिपका दिला.

"हे बघा, इथे आत बदामाएवढी एक गाठ असते. तिचं नाव अमिग्डाला."

पुढे बसलेली एक म्हातारी म्हणाली, "आवगड नाव हाय. आपन बदामच म्हनू."

"म्हणा! तर हा बदाम म्हणजे घरातलं राखणीचं कुत्रं. पान हललं तरी भुंकणार. विचार बिचार त्याचं काम नाही. आधी भुंकायचं, बास!"

अंगणात एकदम चिडीचूप. या घरचं राखणीचं कुत्रं कुठे गेलं होतं, ते मला जरा उशिराच आठवलं.

मी घाईने पुढे गेलो. "आणि इथे, कपाळामागे, असतो शहाणा भाग. तो घरमालक. कुत्रं भुंकलं की मालकाने बाहेर येऊन बघायचं, आणि काही नसेल तर म्हणायचं, गप रे. बदाम गप्प झाला की छातीतली धडधड थांबते. पण तुमच्या वस्तीवर काय झालंय? कुत्रं भुंकतंय आणि मालकच खाटेखाली जाऊन बसलाय!"

माणसं हसली. मी फुगलो. फुगलो म्हणजे किती, तर मला वाटलं, आता नगरलाही व्याख्यान ठेवायला हरकत नाही.

तेवढ्यात मंदाताई मागून म्हणाली, "सर, पन खरंच बिबट्या असला तर?"

"ताई, बहुतेक वेळा नसतोच."

"आन ज्या येळी असतो, त्या येळी?"

आता तुम्हाला शिक्षकी पेशातलं एक गुपित सांगतो. उत्तर येत नसलं की आम्ही म्हणतो, "चांगला प्रश्न आहे." तसं मी म्हटलं आणि पान उलटलं.

शेवटी भीती कशी आवरायची तेही शिकवलं. चार आकडे मोजत श्वास आत घ्यायचा, आठ आकडे मोजत सावकाश सोडायचा. श्वास लांब सोडला की शरीराला वाटतं, संकट टळलं, आणि मग बदामही गप्प होतो. सगळ्यांकडून करून घेतलं. दिपाली पुढे बसून वहीत लिहून घेत होती. तिच्याकडे बघून मला वाटलं, सोमवारी ही वर्गात बसलेली असणार.

मग सत्कार. आमच्याकडे वक्त्याला शाल-नारळ दिल्याशिवाय सोडतच नाहीत. भाऊसाहेबांनी माझ्या खांद्यावर अशी लांबलचक शाल घातली की तिची दोन्ही टोकं पोटऱ्यांना लागत होती. हातात नारळ दिला. चहा झाला. निघायला सहा वाजून गेले. सूर्य मावळला होता, पण वाट दिसत होती.

भाऊसाहेब म्हणाले, "थांबा सर, बॅटरी घेतो. आमी दोघं-तिघं येतो डांबरीपर्यंत."

"अहो भाऊसाहेब, मग मी तासभर काय सांगितलं?"

मंदाताई पुढे आली. "सर, ऱ्हाऊ द्या ते समदं. एकटं जाऊ नका. कुनीच जात न्हाई हितं एकटं."

मी थांबलो. शाल सावरली, तिचं एक टोक ऐटीत मागे सोडलं. कपाळावर बोट टेकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "ताई, भीती तिकडे उसात नसते. इथे असते!"

काय वाक्य होतं! एवढं बोलून मी निघालो. माझी स्कूटर डांबरी रस्त्यावरच्या टपरीपाशी होती. मोबाईल तिच्या डिकीत. का? तर व्याख्यानात वाजू नये म्हणून!

पहिली शंभर पावलं मी अगदी साहेबी चालीने गेलो. मग मागे आवाज आला. खस्स.

मी थांबलो. आवाजही थांबला.

मी चाललो. खस्स, खस्स.

मी भरभर चाललो. खस्सखस्सखस्स! वेग वाढवला की त्याचाही वेग वाढे, कमी केला की त्याचाही कमी. दबकत मागावर चाललेलं जनावर असंच करतं, हे मीच एकदा आठवीला शिकवलं होतं. मागे वळून बघायचं? बघा तुम्ही! माझी मान सिमेंटची झाली होती.

पुढचं मी शास्त्रीय दृष्टीने सांगतो. छातीत ढोल वाजायला लागला. तोंडातलं पाणी गेलं कुठे ते कळेना. हात गार, पोटात खड्डा. बदाम असा भुंकत होता की माझ्या कानाला ऐकू येत होता. आणि कपाळामागचा मालक? तो बिनपगारी रजेवर! चार आकडे मोजून श्वास घ्यायचा तर मला एकच्या पुढचा आकडा आठवेना. आणि मी गणिताचेही तास घेतो, बरं का.

मी पळालो. शाल, नारळ आणि आठ पानं सांभाळत, बावन्नाव्या वर्षी, चामड्याच्या चपला घालून पळालो. मागचं जनावरही पळालं! आता ते नुसतं खसखसत नव्हतं, फरफरत, आपटत माझ्या पायांशी येत होतं.

आणि वळणावर मला दार दिसलं.

हो, दार! उघडं, लोखंडी, भक्कम. त्या क्षणी मला जगात दुसरं काही दिसत नव्हतं. मी आत उडी मारली. पायाखाली एक फळी दबली आणि मागे धाडकन दार पडलं.

वाचलो! मी डोळे मिटून नारळ छातीशी धरला. बिबट्या बाहेर, मी आत. मग जाळीपलीकडून कुणीतरी म्हणालं, "बेंऽऽ."

मी शेळीकडे बघितलं. शेळीने माझ्याकडे बघितलं. तेव्हा कुठे मालक रजेवरून परत आला आणि म्हणाला, "पाठक, तू बिबट्याच्या पिंजऱ्यात आहेस."

मी ओरडायला तोंड उघडलं. भीतीने घसा इतका कोरडा पडला होता की "वाचवा"च्या जागी नुसतं "घर्रर्र" असं काहीतरी बाहेर पडलं. पुन्हा जोर लावला. पुन्हा "घर्रर्र"!

वस्तीवर भाऊसाहेबांनी दार पडल्याचा आवाज ऐकला, पाठोपाठ हा घर्रर्रही ऐकला. त्यांनी लगेच वनखात्याला फोन लावला आणि वस्तीच्या ग्रुपवर टाकलं, "पिंजरा पडला! जनावर घावलं! लई मोठं हाय, गुरगुरतंय!" आजूबाजूच्या चार वस्त्यांवर आरोळ्या उठल्या. मोटारसायकली सुरू झाल्या, ट्रॅक्टर निघाले. माणसं बिबट्या बघायला मुलांना खांद्यावर घेऊन निघाली. मला पिंजऱ्यात हा सगळा जल्लोष ऐकू येत होता आणि मी म्हणत होतो, वा, कुणाचं तरी लग्न दिसतंय.

या सगळ्या गोंधळात एकच बाई हसत नव्हती. भाऊसाहेबांनी नंतर सांगितलं, मंदाताई अंगणात उभी राहून ओरडली, "आरं, पन सर त्याच वाटंनं गेल्यात!"

भाऊसाहेब म्हणाले, वनखात्याचे लोक येऊ देत, त्यांनी लांब थांबायला सांगितलंय, जोडीचं दुसरं जनावर असतं कधीकधी. मंदाताईने ऐकून घेतलं, कुडावरचा कोयता काढला, बॅटरी घेतली आणि निघाली. एकटी. तीन आठवडे जी परसदारीसुद्धा एकटी गेली नव्हती, ती बाई त्या उसातून निघाली. भाऊसाहेब चपला शोधेपर्यंत ती दिसेनाशी झाली होती.

मला दिसला तो हलणारा उजेड. मग हाक. "सर! ओ सर! कुठं हाय तुमी?" आवाज रडका होता, पण थांबत नव्हता.

उजेड आधी शेळीवर पडला, मग माझ्यावर. नारळ कवटाळून कोपऱ्यात बसलेला विज्ञान शिक्षक.

मंदाताई मटकन खाली बसली. "सर… तुमी हितं?"

माझा घसा आता कुठे सुटला. "ताई, मागे! मागे बिबट्या आहे!"

ती उठली. वळली. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात कोयता. ती पिंजरा आणि अंधार यांच्या मधेच उभी राहिली. मग उजेड हळूहळू खाली आला, दारापाशी. तिने वाकून काहीतरी ओढलं.

माझी शाल! एक टोक माझ्या गळ्यात, मधला भाग दाराखाली अडकलेला, आणि बाहेरच्या टोकाच्या गोंड्यांत बाभळीची एक काटेरी डहाळी, तिच्यात गुंतलेला उसाच्या वाळक्या पाचटाचा हा एवढा भारा.

"ह्यो बगा तुमचा बिबट्या," मंदाताई म्हणाली.

मी हसायला गेलो आणि काय झालं कुणास ठाऊक, हातपाय लटलटा कापायला लागले. डोळ्यांतून पाणी. श्वास पुरेना. संकट टळलं होतं, पण बदामाला ते कुणी सांगावं? दार एकट्याने उचलण्यासारखं नव्हतं, त्याला दोघं-तिघं लागतात. मंदाताई गजांना टेकून खाली बसली, अगदी माझ्याजवळ.

"सर, माझ्याकडं बगा. श्वास घ्या. म्या मोजते. एक, दोन, तीन, चार. आता सोडा. हळू. एक, दोन…"

आठपर्यंत ती मोजत राहिली. पुन्हा पहिल्यापासून. पाच-सहा वेळा तरी मोजलं असेल. हळूहळू माझे हात माझे झाले.

"तुमच्या लक्षात राहिलं?" मी विचारलं.

"न ऱ्हायला काय झालं? आत्ताच तर सांगितलंय तुमी. येताना मोजतच आले की."

"भीती नाही वाटली?"

"लई वाटली. बदाम नुसता भुकत हुता. म्या त्याला म्हनलं, भुक तू. म्या चालते."

अहो, आठ पानांचं टिपण काढलं होतं मी! त्यात हे एक वाक्य नव्हतं.

तेवढ्यात उजेडच उजेड झाला. ट्रॅक्टर, मोटारसायकली, आणि सगळ्यांत पुढे वनखात्याची जीप. गार्ड ओरडत होता, "मागं व्हा! लाईट मारू नका! जनावर बिथरंल!" जीपमध्ये जनावरांचे डॉक्टर भुलीचं इंजेक्शन भरत होते. त्यांनी विचारलं, "वजन किती असेल?" लांबूनच अंदाज घेऊन गार्ड म्हणाला, "सत्तर-पंचाहत्तर किलो. बसलंय कोपऱ्यात." अंदाज बिनचूक होता, हे मला मान्य करावंच लागेल.

"ओ साहेब, सुई ठेवा ती!" मंदाताई हात पसरून आडवी आली. "जनावर न्हाई, पाठक सर हायेत!"

मला तोंड लपवायचं होतं. शाल अडकलेली, म्हणून टिपणाची पानं तोंडापुढे धरली. त्यातली निम्मी शेळीने जाळीतून ओढून खाल्ली. 'निष्कर्ष' लिहिलेलं पान तर तिने फार चवीने खाल्लं.

गार्डने वाकून बघितलं आणि ताडकन सरळ झाला. "सर? सर, तुमी मला नववीला हुता!" सवयीने त्याचे हात नमस्काराला जोडले गेले. मीही पिंजऱ्यातून आशीर्वाद दिला. दुसरं काय करणार?

चौघांनी दार उचललं. बाहेर आल्यावर गार्डने संकोचाने रजिस्टर काढलं. "सर, पिंजरा पडला की नोंद करावीच लागती. 'अडकलेला प्राणी' असा रकाना हाय. काय लिहू?"

"मानूस लिव्ह की," मंदाताई म्हणाली.

"तसं चालत न्हाई मावशी. बिबट न्हाईतर इतर, दोनच हायेत."

अखेर 'इतर'वर खूण झाली आणि शेरा पडला : पाठक सर, विज्ञान शिक्षक. सुखरूप मुक्त केले.

गर्दी हसत होती. मोबाईल वर गेले होते. आणि मंदाताईने काय केलं? माझ्या हातातला नारळ घेतला, दगडावर फोडला, हात जोडले आणि म्हणाली, "सर सुटले, लई झालं." पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. तो खाताना मला पुन्हा रडू आलं, आणि या वेळी ते भीतीचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गार्डचा फोन आला. पिंजऱ्यापासून थोड्याच अंतरावर पाइप गळून चिखल झाला होता. त्यात ठसे होते. ताजे, आदल्या संध्याकाळचे.

मी फोन ठेवला. माझा बिबट्या पाचटाचा होता. मंदाताई मात्र खऱ्या बिबट्याच्या वाटेने आली होती. 'ज्या येळी असतो, त्या येळी काय', हा तिचा प्रश्न मी पान उलटून टाळला होता. त्याचं उत्तर तिनेच मला कोयता घेऊन येऊन दिलं.

त्याच दिवशी मी वस्तीवर गेलो. या वेळी मुकाट्याने भाऊसाहेबांना रस्त्यावर घ्यायला बोलावलं. मंदाताईला वाकून नमस्कार केला. ती लाजून मागे सरली. "आवो सर, काय करताय हे!" मी म्हटलं, "ताई, तुमच्या बदामाला मी हसलो. तो बरोबर भुंकत होता. माझाच मालक वेडा निघाला. तुम्ही आला नसता तर त्या रात्री माझं काय झालं असतं, मला ठाऊक नाही. तुमचे उपकार फिटायचे नाहीत."

"उपकार कसले," ती म्हणाली, "पोरीचं मास्तर तुमी."

सोमवारी दिपाली वर्गात होती. आईने तिला आणि आणखी दोन मुलींना डांबरीपर्यंत आणून सोडलं होतं, बरोबर चार बाया, हातात ताटल्या आणि डबे. वाजवत, मोठमोठ्याने बोलत यायचं. मंदाताई म्हणाली, "एकदा चालले न्हवं त्या वाटंनं? आता रोज चालायचं. पन एकटं न्हाई." शाळा सुटली की मुलींना वस्तीपर्यंत पोचवायला आता मीही जातो. डबा वाजवत. बायांच्या बरोब्बर मधोमध. शाल घरी ठेवून.

आणि पूर्वपरीक्षेत मीच प्रश्न काढला होता : 'भीतीच्या वेळी शरीरात होणारे बदल उदाहरण व आकृतीसह स्पष्ट करा.' दिपालीने छातीची धडधड, कोरडा घसा, गार हात, सगळं क्रमाने लिहिलं होतं. उदाहरण कुणाचं, ते सांगायला नको. खाली सुबक आकृती काढली होती. पिंजरा, त्यात एका बाजूला नारळ धरून बसलेला माणूस, दुसऱ्या बाजूला शेळी. माणसाच्या डोक्याकडे बाण करून लिहिलं होतं, 'अमिग्डाला'. आणि 'शहाणा भाग' या शब्दांपासून निघालेला बाण थेट शेळीच्या कपाळाला जाऊन टेकला होता.

मी लाल पेन घेऊन पुष्कळ वेळ चूक शोधली. सापडेना. मग पैकीच्या पैकी गुण दिले.